मामाचं कोपर

(पेण, १९८८. अनंत चतुर्दशी होऊन तीन दिवस झालेत. गणपतीच्या कारखान्याची रिकामी शेड, दुपारचे अडीच. रोह्याहून प्रोजेक्टर घेऊन आलेला दिनानाथ पडदा बांधतो आहे. वृंदा एका उलट्या पाटावर वही घेऊन बसली आहे.)

वृंदा : नाही, दिनाकाका. बदक मुळात बोलतच नाही. अख्ख्या पिक्चरमध्ये त्याला एक शब्द नाही.

दिनानाथ : मग ते चोच कशाला हलवतं?

वृंदा : बदक आहे म्हणून.

दिनानाथ : पंधरा वर्षं मी त्याला आवाज देतोय. लोक बदकासाठी येतात. तीन सालांपूर्वी माझा घसा बसला होता, तर निम्मं पब्लिक बदकाच्या तब्येतीची चौकशी करत होतं. माझी कोणी केली नाही.

वृंदा : मी तीन वर्षं मॉस्कोत राहून रशियन शिकले. तिथे हा पिक्चर दोनदा पाहिला आणि एकेक वाक्य उतरवून घेतलं. ही बघा वही. डाव्या पानावर ते काय बोलतात, उजव्या पानावर त्याचं मराठी. आज चारच्या खेळाला तुम्ही हे वाचा. नसेल वाचायचं तर मी वाचते.

दिनानाथ : हे टोक धर जरा. खेच. अजून. हां. आता सांग, पहिल्या गाण्यात त्या साठ बायका कोबी डोक्यावर घेऊन येतात, त्या काय म्हणतात?

वृंदा : "हेक्टरी दोनशे नव्वद क्विंटल. सूर्या, बघ आणि लाज."

दिनानाथ : सूर्यानं काय केलं?

वृंदा : काही नाही. तो रोज तेवढाच उगवतो. यांची कोबी दर वर्षी वाढते.

दिनानाथ : हं. मी म्हणतो, "सासरी जाताना मी कोबी नेऊ का मन नेऊ."

वृंदा : मन न्यायचा विषयच नाही त्यात.

दिनानाथ : आणि शेवटी तो पेटीवाला गडी तिला मागणी घालतो, बंधाऱ्यावर, तेव्हा ती काय म्हणते? मी म्हणतो, "काळुराम, माझ्या मामाला विचारल्याशिवाय मी होय म्हणणार नाही."

वृंदा : ती म्हणते, "तिसऱ्या तिमाहीचे आकडे येऊ देत, मग बघू."

दिनानाथ : आकडे आले?

वृंदा : येतात. चांगले येतात. मग ती हो म्हणते.

दिनानाथ : बाय, खरं सांग. यात लोक जास्त कशाला रडतील? मामाला, का तिमाहीला?

वृंदा : प्रश्न रडण्याचा नाही. तो पिक्चर कोणीतरी केलेला आहे. त्यातली माणसं काहीतरी बोलतात. तुम्ही तिला शकू केलंत, त्याला काळुराम केलंत, तो व्होल्गाकाठचा मळा उचलून वडखळच्या पुढे आणून ठेवलात.

दिनानाथ : मी नाही ठेवला. तुझ्या वडलांनी ठेवला. माधवराव मास्तरांनी मुंबईला पत्र घातलं की आमच्या चित्रपट मंडळाला एक चांगला परदेशी चित्रपट पाठवा. रशियन वकिलातीकडून पेटी आली. आत पाच रिळं आणि एक शुभेच्छापत्र. खाली इंग्रजी अक्षरं येतात म्हणून सांगितलं होतं, तीही नाहीत. इथं दोनशे माणूस बसलेलं. तुझे वडील रोह्याला आले. मी तेव्हा टुरिंग टॉकीजच्या रिक्षात भोंगा घेऊन बसायचो. म्हणाले, दिनानाथ, तू न बघितलेल्या पिक्चरची जाहिरात रोज करतोस, तर न कळणाऱ्या पिक्चरची गोष्टही सांगू शकशील. मला ते पटलं.

वृंदा : आणि पेटी परत पाठवायची होती.

दिनानाथ : तीनदा पत्र टाकलं. चौथ्यांदा मास्तर म्हणाले, एवढ्या मोठ्या देशाला आपण सारखी आठवण करून द्यायची म्हणजे त्यांना लाज वाटेल. तेव्हापासून पितृपक्षात एक खेळ. बाकी शुभ काही करता येत नाही आणि गणपती गेल्यामुळे शेड रिकामी असते. लोकांनीही बोलून टाकलं, पितृपक्षाला हा चालतो.

वृंदा : पिक्चर सुंदर आहे यात वादच नाही.

दिनानाथ : सुंदर? अगो, ते आभाळ बघ त्यातलं. तो निळा रंग आपल्याकडे मिळतच नव्हता. ह्या कारखान्याच्या गुणाजीनं पहिल्या खेळानंतर आठ दिवस रंग घोटला. पुढल्या साली अडीचशे गणपतींचे शेले त्या निळ्याचे. दादरला एका बाईंनी विचारलं, हा कुठला निळा? गुणाजी म्हणाला, रशियाचा. तिनं दोन मूर्ती घेतल्या.

वृंदा : मॉस्कोत आमच्या हॉस्टेलच्या दारात एक म्हातारी बसायची. किल्ल्या द्यायची, रात्री उशीर झाला की शिव्या द्यायची. तिला मी म्हटलं, आमच्या गावात हा पिक्चर दर वर्षी लागतो. तर ती किल्ल्या खाली ठेवून उभी राहिली आणि पहिलं गाणं आख्खं म्हटलं. त्या काळात तिनं तो अकरा वेळा पाहिला होता.

दिनानाथ : बघ. जाणकार बाई.

वृंदा : शेवटी लग्नाचं जेवण आहे ना, ते भलं मोठं टेबल? हॅम, सफरचंदं, लोणी, मधाचे बुधले? ती म्हणाली, तेव्हा आमच्या घरी उकडलेला बटाटा आणि पाव, तोही रांगेत उभं राहून. टेबलावर काही नव्हतं म्हणून आम्ही ते टेबल बघायला जायचो. मी विचारलं, राग नाही यायचा? खोटं आहे म्हणून? ती म्हणाली, राग कसला, अडीच तास पोट भरलेलं असायचं.

दिनानाथ : आमच्याकडेही लोक त्या टेबलाला हात जोडतात. मी जोडू नका म्हणून सांगितलंय. तरी दोघंतिघं जोडतात.

वृंदा : आता त्या टेबलाचंच बोलायचं आहे. आले मी त्यासाठी.

दिनानाथ : मामाचं?

वृंदा : मामाचं.

दिनानाथ : थांब. मी ह्या स्टुलावर बसतो. बोल.

वृंदा : तुम्ही सांगता, टेबलाच्या उजव्या टोकाला शकूचा मामा बसलाय. का सांगता?

दिनानाथ : कोपर दिसतं म्हणून. कडेला, त्या चहाच्या पितळी समोवारच्या शेजारी. चार सेकंद. तपकिरी कोट, कोपर टेबलावर टेकलेलं. टेबलावरचे सगळे तिकडे बघून पोट धरून हसतात. आता कोपराला बघून कोणी हसत नाही. तिथं माणूस असणार. लग्नात सगळ्यांना हसवतो तो मामा असतो. मग लगेच सगळं टेबल दिसतं, लांबून, तर खुर्ची रिकामी. ताटात अर्धं जेवण. पहिल्याच खेळाला लोकांनी विचारलं, मामा गेला कुठं?

वृंदा : तिथे चाळीस वर्षांत कोणी विचारलं नाही. मी त्या म्हातारीला विचारलं, तुम्ही अकरा वेळा पाहिलंत, ते कोपर कोणाचं? ती म्हणाली, कोपर आम्हीपण पाहिलं होतं. पण तिथे विचारायचं नसतं.

दिनानाथ : मग कोणाचं?

वृंदा : एका नटाचं. विनोदी कामं करायचा. ह्या पिक्चरमध्ये त्याचं मोठं काम होतं, पहिल्या रिळापासून. सुरुवातीला बैलगाडी... घोडागाडी जाते ना, पाठमोरा माणूस गाडी हाकतो? तोही तोच. शूटिंगच्या वेळी ते टेबल खरं होतं. खरं हॅम, खरं लोणी. भुकेचं साल. म्हणून जेवणाशेजारी बंदूकवाला शिपाई बसवला होता. हा त्याला म्हणाला, "साहेब, जेवण पळून जाईल म्हणून बसवलंय तुम्हाला, की आम्ही?"

दिनानाथ : चांगला आहे.

वृंदा : सगळे हसले. तेच हसणं पिक्चरमध्ये आहे. आठवड्यानं त्याला घरून उचललं. कोणीतरी लिहून कळवलं होतं. दहा वर्षं सक्तमजुरी. पिक्चर तयार होता, पण आता त्याचा चेहरा दाखवता येईना. मग त्याचा प्रत्येक तुकडा कापून काढला. नाव सुरुवातीच्या पाट्यांतून काढलं. बाकीच्यांना एक दिवस बोलावून ते टेबल पुन्हा मांडलं, रिकामी खुर्ची ठेवून. सगळं पुन्हा करता आलं नाही.

दिनानाथ : का?

वृंदा : कोबीचा हंगाम संपला होता.

दिनानाथ : म्हणून कोपर राहिलं.

वृंदा : म्हणून कोपर राहिलं. चौथ्या वर्षी तो तिकडेच थंडीत गेला. मागाहून घरी सरकारी कागद आला की तपास केला, गुन्हा काही नव्हता. गेल्या साली त्याच्या मुलीनं मासिकात पत्र लिहिलं. आता तिकडे छापतात असलं. त्यावरून मला कळलं.

दिनानाथ : आणि मी इतकी वर्षं सांगतोय, शिफ्टला गेला.

वृंदा : "कंपनीचा भोंगा वाजला, मामा उठला. दुसऱ्या शिफ्टला गेला. येईल." मला पाठ आहे ते.

दिनानाथ : मी दर वर्षी लोकांना काहीतरी नवीन द्यायचो. एका साली डबल शिफ्ट लागली. एका साली धाटावला संप झाला, मामा गेटवर बसला. मग बढती. मग नागोठण्याला बदली. यंदा मी ठरवलं होतं, आंबा नदीला पाणी आलं, रस्ता बंद, मामा अलीकडे अडकलाय.

वृंदा : काका, रागावू नका. पण ज्यांनी कात्री चालवली त्यांना हेच हवं होतं. चेहरा नको, नाव नको, आणि कोणी विचारलंच तर काहीतरी सांगून टाका. तुमची शिफ्ट म्हणजे त्यांच्या कात्रीचंच पुढचं काम.

दिनानाथ : हे जरा जास्त झालं.

वृंदा : झालं असेल.

दिनानाथ : तुला माहीत नाही, ह्या शिफ्टची सरकारदरबारी नोंद आहे. आणीबाणीत, शहात्तर साली, खेळाला एक साहेब आले. मागं उभे राहिले. संपल्यावर मला म्हणाले, तो मनुष्य मध्येच नाहीसा होतो, त्यातून तुम्ही काय सुचवताय? म्हटलं, शिफ्ट सुचवतोय. कोणती? म्हटलं, दुसरी. तीन ते अकरा. ते म्हणाले, लिहून द्या. तीन प्रतींत दिलं. बदकाचं वेगळं लिहून मागितलं, तेही दिलं.

वृंदा : आणि तुम्हाला त्यात काही दिसलं नाही?

दिनानाथ : दिसलं की. लिहिताना कार्बन दोनदा घसरला.

वृंदा : मग आज तरी खरं सांगा. नाहीतर मला सांगू द्या. कोपर आलं की पिक्चर थांबवायचा आणि सांगायचं, हा माणूस असा गेला.

दिनानाथ : दोनशे माणसांसमोर.

वृंदा : हो.

दिनानाथ : लग्न चालू असताना.

वृंदा : हो.

दिनानाथ : बाय, ही माणसं आज शेतातलं काम टाकून येतात. ती हसणार, कोबी बघणार, निळं आभाळ बघणार, बदकाचं ऐकणार. वर्षात एकदा. तुझ्या त्या म्हातारीचं अडीच तास पोट भरायचं ना? तसंच आहे. तिच्या मधेच जाऊन कोणी म्हटलं असतं, बाई, हे हॅम ज्याच्यापुढे ठेवलंय तो मेलाय, तर?

वृंदा : मी सांगितलं तिला.

दिनानाथ : काय म्हणाली?

वृंदा : किल्ल्या उचलल्या. आणि म्हणाली, बरं झालं कोणीतरी सांगितलं. मग दुसऱ्या दिवशी मला बोलावून गाणं पुन्हा म्हटलं. आख्खं. तिचा पिक्चर काही कमी झाला नाही.

गिरजाबाई : दिना, सतरंजी अजून टाकली नाय व्हय?

दिनानाथ : गिरजाकाकू, चारचा खेळ आहे. आत्ता पावणेतीन.

गिरजाबाई : मला काय घड्याळ कळत नाय? खांबाजवळची जागा धरायला आले. गेल्या साली माझ्यापुढं मैनाचा नवरा बसला, उंट नुसता. बदक दिसलं नाय नीट. ही कोण? माधवराव मास्तरांची वृंदा का गो?

वृंदा : हो, काकू. बाबा येतायत चारला.

गिरजाबाई : केवढी झालीस गो. रशियाला गेली होतीस म्हणे. तिथं शकूचा मळा बघितलास?

वृंदा : तिथे आता घरं झाली आहेत.

गिरजाबाई : हिकडंपण तेच. मी मधेच आले. काय चाललं होतं, दोघांची तोंडं अशी का?

दिनानाथ : काही नाही. ही म्हणते मामाचं काय ते खरं सांगून टाक.

गिरजाबाई : खरं म्हणजे सापाचं?

वृंदा : कोणता साप?

दिनानाथ : काकू, तुम्ही बसा. मी सतरंजी टाकतो.

गिरजाबाई : पहिली दोन वरसं हा मामाला साप चाववायचा, गो. ताटावर बसलेला असतानाच. "टेबलाखालून आला काळ," म्हणायचा, भरल्या आवाजात. सगळ्या बाया रडायच्या. मी तर त्या साली घरी जाऊन जेवले नाय. लई चांगला साप होता तो.

वृंदा : मला आठवत नाही. मला वाटलं, पहिल्यापासून शिफ्टच.

गिरजाबाई : तुला कसं आठवेल, तू तेव्हा लहान. शिफ्ट तर तुझ्यामुळं झाली.

दिनानाथ : काकू.

गिरजाबाई : काय काकू काकू. पोर शिकून आली, आता सांगायला काय झालं? तुझ्या बापाला नेलं ना गो पोलिसांनी, आणीबाणी लागली त्या आषाढात. त्यानंतरचा हा खेळ. गुणाजी म्हणाला, मास्तर नायत तर बंद ठेवू. लोक म्हणाली, मास्तरांनीच चालू केलाय, चालू दे. तू इथं पुढं बसली होतीस, दोन वेण्या घालून. कोपर आलं. खुर्ची रिकामी झाली. तू उभी राहिलीस आणि मोठ्यानं इचारलंस, "मामा कुठे गेला?" आम्ही म्हटलं, आता हा साप सोडणार. ह्यानं तोंड उघडलं, तुझ्याकडं बघितलं, तोंड मिटलं. पिक्चर आपला पुढं चाललेला. मग म्हणाला, शिफ्टला गेला. येईल.

वृंदा : दिनाकाका?

दिनानाथ : दोन वेण्यांच्या पोरीच्या अंगावर साप कसा सोडणार.

वृंदा : मला घरी सांगितलं होतं, बाबा नाशिकला ट्रेनिंगला गेलेत.

दिनानाथ : तेही मीच सुचवलं. तुझी आई पुणं म्हणत होती. म्हटलं, वहिनी, पुण्याला हिची मावशी राहते, पोरगी पत्र घालेल. नाशिक बरं. आणि जेलही तिथलाच होता. गाव तरी खरं.

वृंदा : मी शाळेत सगळ्यांना सांगायची, बाबांचं ट्रेनिंग फार अवघड आहे, दीड वर्षाचं आहे.

दिनानाथ : सगळ्यांना माहीत होतं. तुझ्या बाईंनी एकदा वर्गाला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या होत्या, अवघड ट्रेनिंगसाठी. मी ऐकलं होतं.

वृंदा : हो. वाजवल्या होत्या.

दिनानाथ : मग तुझे वडील सुटून आले. मला वाटलं, शिफ्ट लागू पडली. आता मध्येच साप आणला तर काय होईल कोण जाणे. म्हणून चालू ठेवली.

वृंदा : माझे बाबा आले, काका. तो नाही आला.

दिनानाथ : कळलं गं. तू सांगितलंस तेव्हाच कळलं.

गिरजाबाई : कोण नाय आला?

वृंदा : मामा, काकू. तो शिफ्टला गेलेला नाही. त्याला—

गिरजाबाई : मेला, तेच ना?

दिनानाथ : तुम्हाला कोणी सांगितलं?

गिरजाबाई : सांगायला कशाला पायजे? अर्धं ताट टाकून कोण शिफ्टला जातो? माझा नवरा बारा वरसं कंपनीत होता. भोंगा वाजून गेला तरी ताट धुऊन उठायचा. आणि समोर मटण, लोणी, काय काय मांडलंय. आणि भाचीचं लगीन. ताट टाकून माणूस उठतो ते कोणी ओढून नेल्यावर.

दिनानाथ : मग दर वर्षी मला विचारता कशाला, मामा आला का म्हणून?

गिरजाबाई : तू काय नवीन सांगतोस ते ऐकायला. तू इतकं लावून सांगतोस, तोंडावर कोण पाडणार? आमच्या वाडीत पैज लागते, यंदा दिना मामाला कुठं अडकवणार. मैनाचा नवरा म्हणत होता, परदेशी पाठवील. काय हाय यंदा?

दिनानाथ : आंबेला पाणी आलंय.

गिरजाबाई : मी तेच म्हणाले होते.

वृंदा : म्हणजे सगळ्यांना माहीत आहे?

गिरजाबाई : मोठ्या माणसांना म्हाईत हाय. पोरांना शिफ्ट म्हाईत हाय. मोठी झाली की त्यांना आपसूक कळतं. तुला जरा उशीर लागला, तू रशियाला जाऊन आलीस.

वृंदा : आणि तुम्हाला काहीच वाटत नाही?

गिरजाबाई : वाटतं तर. म्हणून तर पान ठेवते.

वृंदा : कसलं पान?

गिरजाबाई : सर्वपित्रीला गो. अमावास्येला सगळ्यांची पानं वाढून झाली की एक जास्तीचं वाढतो ना, ज्यांचं मागं कोणी नाय त्यांचं. ते मी ह्याच्या नावानं वाढते. दहा-बारा वरसं झाली. माझी सून हसली पहिल्या साली. पण कावळा आधी त्याच पानाला शिवला. मग नाय हसली.

दिनानाथ : ह्याच्या नावानं म्हणजे? नाव मी कधी ठेवलंच नाही त्याचं. शकू ठेवलं, काळुराम ठेवलं, बदकाचंसुद्धा ठेवलं. तो नुसता मामा.

गिरजाबाई : तेच तर. पाणी सोडताना काय म्हणू? "कोपरवाला मामा" म्हणते. आमचे भटजी म्हणाले, असं चालत नाय. म्हटलं, मग तुम्ही नाव आणून द्या. ते म्हणाले, चालवून घेऊ.

वृंदा : त्याचं नाव आहे माझ्याकडे.

गिरजाबाई : खरं?

वृंदा : मुलीनं पत्रात पूर्ण लिहिलंय. तिखोन सावेल्येविच लाप्तेव.

दिनानाथ : मधलं काय ते?

वृंदा : बापाचं नाव. सावेली. त्याचा मुलगा सावेल्येविच. तिकडे आधी आपलं, मग बापाचं, मग आडनाव.

दिनानाथ : म्हणजे आपल्यासारखंच. मास्तर हजेरी घेतात तसं.

वृंदा : तसंच.

गिरजाबाई : तिखोन सावेली. पुढलं काय?

वृंदा : लाप्तेव.

गिरजाबाई : लाप्तेव. तिखोन सावेली लाप्तेव. गाव?

वृंदा : रियाझानकडचं कुठलं तरी खेडं. शेतकऱ्याचा मुलगा होता.

गिरजाबाई : गोत्र नसेल.

वृंदा : नाही, काकू.

गिरजाबाई : नसू दे. ज्याला नाय म्हाईत त्याचं कश्यप धरतात.

दिनानाथ : वृंदा, ऐक. आजचा खेळ. पहिली चार रिळं मी माझंच सांगतो. सूर्याला लाजवायचं ते गाण्यात घेतो, ते आवडलं मला. तिमाही घेत नाही.

वृंदा : बदक?

दिनानाथ : बदक बोलणार. पण कोपर आलं की गप्प बसेल. बदकही आणि मीही. मशीन थांबवता येत नाही, दिव्यानं फिल्म जळते. ते चार सेकंदच आहेत. चार सेकंदांत सगळी हकिगत बसत नाही, बाय. एक नाव बसतं.

वृंदा : पूर्ण?

दिनानाथ : पूर्ण. मी भोंग्यावर होतो, तीन सेकंदांत नट-नटी-दिग्दर्शक-दर सगळं बसवायचो. तू फक्त शिकव. तिखोन.

वृंदा : तिखोन. सावेल्येविच.

दिनानाथ : सावेल्येविच. जोर कुठं?

वृंदा : मधे. "वे"वर.

दिनानाथ : सावेल्येविच. लाप्तेव. आणि खुर्ची रिकामी होईल तेव्हा?

वृंदा : तेव्हा तुम्ही काय म्हणाल?

दिनानाथ : काहीच नाही. लोकांनी विचारलं तर मशीन बंद झाल्यावर तू उभी राहा आणि सांग, शिपायाचं, कात्रीचं, थंडीचं. जेवढं विचारतील तेवढं. कोणी नाही विचारलं तर तेही ठीक.

गिरजाबाई : मी इचारते की. मी उठून मोठ्यानं इचारते. कोणी तरी इचारायला पायजे.

वृंदा : इचारा, काकू.

गिरजाबाई : आणि गो, एक राहिलं. पानावर त्याच्या आवडीचं काहीतरी वाढायला हवं. इतकी वरसं मी आपली कोबीची भाजी वाढते, पिक्चरमध्ये तीच दिसते म्हणून. त्याला आवडायचं काय?

वृंदा : ते पत्रात नाही. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. तिनं एवढंच लिहिलंय की बाबा जेवताना फार बोलायचे. आई सारखी ओरडायची, आधी खा, मग बोल.

गिरजाबाई : मग वालाचं बिरडं करते. बोलत बसला नि गार झालं, तरी खाता येतं.